गार इंजिन

टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा विमलाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. हडपसरची ती गल्ली म्हणजे दोन्ही अंगांना आभाळाला टेकलेल्या सोसायट्या, आणि मधल्या फटीत उरलेली चार बैठी घरं. टेम्पोवाल्याला वळवून घेता येईना, मग काय, निम्मी गल्ली त्याला हातवारे करून शिकवायला बाहेर आली. मागे फाळक्याला दोरखंडांनी आवळलेलं, ताडपत्रीखाली झाकलेलं, काळं काहीतरी बसलं होतं.

"आई, इंजिन मिळालं!" आनंदने उडी मारली. चाळिशीला टेकलेला माणूस, कारखान्यात पोरांवर डाफरणारा, पण चेहरा असा की जणू जत्रेतून भोवरा आणलाय.

शेजारच्या मथुराबाईंनी भिंतीवरून मान काढली. बाई मूळच्या यवतमाळकडच्या, पण पुण्यात राहून राहून टोमणे मात्र पुणेरी झालेले. "लोकं फ्रीज आणतात, सोफा आणतात. तुमच्या आनंदने लोखंडाची म्हैस आणली. दूध किती देते म्हणे?"

विमलाबाई हसल्या. त्या घरात कोणी हसलं, त्याला बरेच दिवस झाले होते.

आता इंजिन कशाला, ते सांगायला हवं. विमलाबाईंचे मालक उत्तरेश्वर म्हणजे जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. लांब नाकाच्या बॉनेटची त्यांची जुनी हिरवी गाडी अजून अंगणात उभी होती. तिचं इंजिन जाम झालं तेव्हा लोक म्हणाले, भंगारात काढा. उत्तरेश्वर म्हणाले, "म्हातारी झाली म्हणून बायकू काढतो का?" पुढे त्यांनाच अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. खिडकीशी खाट, आणि खिडकीतून ती गाडी. विमलाबाई रोज त्यांचा उजवा हात तेलाने चोळायच्या. तो हात माठातल्या पाण्यासारखा गार असायचा.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्या आवडीचं काही कानावर पडू द्या, फरक पडेल. भजन लावा, जुनी गाणी लावा.

"बाबांचं भजन अंगणात उभं आहे," आनंद म्हणाला, आणि शोधाला लागला. इतक्या जुन्या गाडीचं इंजिन मिळणार कुठे? शेवटी सासवड रस्त्याच्या बाजूला, जुन्या गाड्या तोडणाऱ्या एकाच्या आवारात ते सापडलं. तो म्हणाला, "चालू आहे. कुठल्या गाडीचं ते विचारू नका. मीही विचारलं नाही."

पोपट मिस्त्रींनी इंजिन बसवलं. थंडीचे दिवस होते, दुपार कलली होती. आनंदने चावी फिरवली तशी गाडी खोकली, काळा धूर ओकली, आणि मग तो आवाज लागला. जड, एकसारखा, जमिनीतून पायांत चढणारा. खिडकीत उत्तरेश्वरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मिस्त्रींनी सवयीने इंजिनवर तळहात ठेवला आणि काढून पुन्हा ठेवला.

"चहा होईस्तोवर तापेल," ते म्हणाले.

चहा झाला, पिऊन झाला. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर उघडून आत बोट घातलं. पाणी गारठलेलं. इंजिनच्या काळ्या अंगावर दव धरलं होतं, थंड पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं.

"बाई, इंजिन तापतं म्हणून लोक माझ्याकडे रडत येतात," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "तापत नाही म्हणून कोणी आलं नव्हतं. आत जाळ चाललाय, तर ऊब जाते कुठे?"

आनंदने विकणाऱ्याला फोन लावला. तो थंडपणे म्हणाला, "गरम होत नाही ही तक्रार? लोक ह्यासाठी नवस बोलतात. इंजिन घेतलंत साहेब, साडी नाही, रंग पसंत नाही म्हणून बदलून द्यायला." आणि फोन ठेवला.

अंगणात ही हुज्जत चाललेली, तोवर विमलाबाई आत आल्या आणि रोजच्यासारखा त्यांनी नवऱ्याचा उजवा हात हातात घेतला.

हात गरम होता. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याची बोटं मिटली, जसा गिअरच्या मुठीवर पंजा बसतो तशी.

"आनंद! अरे आनंद!"

त्यानंतर काय विचारता! कारखान्यातून आला की आनंद आधी गाडी चालू करायचा. इंजिन नादुरुस्त आहे हे तो विसरूनच गेला. हात हलला, मग पाय हलला, मग म्हातारे उशीला टेकून बसू लागले. इंजिन बंद केलं की हळूहळू पुन्हा गारठायचे, पण आनंद म्हणायचा, सवय होईल, टिकेल. मथुराबाईंनी पेढे आणले आणि इंजिनला लिंबू-मिरची बांधा म्हणाल्या. विमलाबाईंनी पेढे घेतले. "आमच्यात ते बांधत नाहीत," एवढंच म्हणाल्या.

सगळं चांगलं होत होतं, मग विमलाबाईंना झोप का लागत नव्हती? स्वयंपाक करताना त्या सारख्या मागे वळून बघायच्या. गाडी चालू असली की खोलीत डिझेलचा वास, आणि त्याच्या खाली दुसराच एक, ओल्या घोंगडीचा. म्हातारे बसायचे ते खाटेच्या अगदी कडेला, अंग चोरून. एस्टी स्टँडच्या बाकावर परगावचा माणूस बसतो ना, तसे. भिंतीवरचे फोटो बघायचे, पोराकडे बघायचे. विमलाबाईंकडे मात्र नजर वर करून बघायचे नाहीत.

एका दिवेलागणीला आनंद गाडी चालूच ठेवून डिझेलचा कॅन भरायला गेला होता. विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. मागून आवाज आला.

"बाई..."

ताट त्यांच्या मांडीवरून घसरलं.

"बाई, मले थोडं पाणी भेटन का?"

वाचा फुटली होती. आवाज नवऱ्याचाच, घसा तोच. पण उत्तरेश्वरांनी जन्मात त्यांना बाई म्हटलं नव्हतं. 'इमल' म्हणायचे. 'इमल, पानी आन' अशी हाक, तीही अंगणातून. विमलाबाईंनी तांब्या दिला. त्यांच्या बोटांना बोट लागू नये अशा बेताने म्हाताऱ्यांनी तो घेतला, घटाघटा प्याले आणि मान लववली. "लय उपकार झाले."

तेवढ्यात भिंतीपलीकडून मथुराबाई. आज त्यांचं पुणेरी कुठल्या कुठे गेलं होतं. "अवो विमलाताई, आमच्याकडचं कोन पाहुनं आलं वो तुमच्या घरी? बोलनं आयकलं अन् मले माहेर आठवलं!"

"कोणी नाही..." विमलाबाई म्हणाल्या. "टीव्ही लागलाय."

रात्री जेवताना त्यांनी आनंदला सांगितलं. तो चिडला. "आई, झटक्यानंतर माणसाची भाषा बदलते, डॉक्टरच म्हणाले होते. बाबा बोलले! मला लवकर घरी यावंसं वाटतंय, इतक्या दिवसांनी. आणि तुला बोलीचं पडलंय?"

"मला बोलीचं नाही पडलं रे..."

"मग?"

काय सांगणार? की तुझा बाप मला परका पुरुष वाटतो? असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण ज्याच्यासाठी आपण रोज पाणी तापवतो, घास भरवतो, तो माणूस ह्या खाटेवर आहे की नाही, हे कळल्याशिवाय आता त्यांना घास उतरणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आनंदने गाडी चालू केली आणि तो दूध आणायला कोपऱ्यावर गेला. विमलाबाईंनी खाटेसमोर पाट घेतला, मन घट्ट केलं.

"तुम्ही कोण?"

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली.

"सांगा, नाहीतर गाडी बंद करते."

"बंद नका करू, बाई..." ते एकदम शहारले. दातावर दात आपटल्याचा आवाज आला. "लय थंडी आहे तिथं. हाडं फुटतात."

"कुठं?"

त्यांनी हनुवटीने खिडकीबाहेर दाखवलं. गाडीकडे.

विमलाबाईंनी गाडीकडे पाहिलं. "आणि हे?... आमचे हे कुठं आहेत?"

दुसऱ्याच्या जागेवर बसून राहिलेला माणूस जसा ओशाळतो, तसे ते ओशाळले. "ते तिथंच बसले आहेत. मी म्हटलं त्याईले, भाऊ, थोडी ऊब घेऊन येतो. तं त्याईनं जागा देल्ली." थोडं थांबून म्हणाले, "मोठ्या मनाचा मानूस."

तिथे विमलाबाईंचा उरलासुरला संशय फिटला. रस्त्यात कोणी हात दाखवला की उत्तरेश्वर गाडी थांबवायचेच. काळोख असो, घाट असो, माणूस ओळखीचा असो-नसो. किती भांडल्या होत्या त्या ह्यावरून!

त्या अनवाणी अंगणात आल्या. गाडीचं दार बर्फाचं झालं होतं. आत चढल्या तर श्वासाची वाफ दिसायला लागली. चालकाच्या जागेचं रेक्झिन खाली दबलेलं होतं, आणि समोरच्या काचेवर आतून धुकं धरलेलं. त्यात घराच्या खिडकीच्या रोखाने कोणी हाताने पुसून गोल केला होता, बाहेर बघायला.

"अहो..." त्या म्हणाल्या.

इंजिनचा एकसारखा ठोका एकदाच चुकला. नावाने हाक मारल्यावर माणूस दचकतो तसा.

"अहो, उठा तिथून. घरी चला."

इंजिन बंद करायची तार डॅशबोर्डखाली असते. ती ओढली की डिझेल तुटतं. विमलाबाईंनी तिला हात घातला, तोच फाटकातून आनंद ओरडला, "आई, नको! आई!" खिडकीतूनही कोणीतरी ओरडलं. त्यांनी दोन्ही हातांनी तार ओढली. इंजिनने आचके दिले, अख्खी गाडी हादरली, आणि गल्लीत एकदम सगळं शांत झालं.

आत म्हातारे आडवे झाले होते. तोंड वाकडं, उजवा हात लोंबता, गार. आनंद खाटेशी बसून लहान पोरासारखा रडला. आईशी तो कितीतरी दिवस धड बोलला नाही, बापाचं अंग पुसणंही त्याने स्वतःकडे घेतलं. पण एवढं झालं की त्याने चावी पुन्हा फिरवली नाही. खिडकीतून आलेलं बापाचं ते ओरडणं त्यानेही ऐकलं होतं, आणि त्यातला 'बाई' हा शब्दही.

शेवटी त्याने भंगारवाल्याला बोलावलं. भर दुपारी माणसं आली, साखळीने इंजिन उचलायला लागली. एकाने हात झटकला. "ओ साहेब, आत्ताच बंद केलं का? भाजलं ना!"

"बरेच दिवस बंदच आहे," आनंद म्हणाला. "उन्हाने तापलं असेल."

ऊन कुठलं? सोसायटीची सावली होती अंगणात. पण आनंदला ते लवकर डोळ्यांसमोरून जायला हवं होतं. "थेट भट्टीत घाला," तो म्हणाला. टेम्पो निघाला.

विमलाबाईंना छातीवरून धोंडा उतरल्यासारखं झालं. त्यांनी पाणी तापवलं, पंचा घेतला आणि इतक्या दिवसांनी नवऱ्याचं अंग पुसायला स्वतः खाटेशी आल्या. पूर्वी ही वेळ म्हणजे म्हाताऱ्यांच्या रागाची. बोलता येत नसलं तरी डोळे वटारून बघायचे, पाणी जास्त गरम की गार, पंचा धड पिळला की नाही. संसार उभा केलेली बायको, तिच्यासमोर कसली लाज?

त्यांनी सदऱ्याच्या पहिल्या गुंडीला हात लावला.

म्हाताऱ्यांचा चांगला हात, डावा, हळूहळू वर आला. त्याने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

विमलाबाईंच्या हातातल्या पंच्याचं पाणी फरशीवर टपटपत राहिलं. बाहेर टेम्पोचा आवाज सोलापूर रस्त्याच्या गर्दीत विरून गेला होता.

"अहो..." त्या म्हणाल्या. "अहो, इकडे बघा ना..."

म्हातारे हलले नाहीत.

विमलाबाईंनी पंचा खाली ठेवला. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, आणि म्हणाल्या,

"भाऊ...?"

तेव्हा त्यांनी डोळे उघडले.