दादाच्या नावाची नळी

कस्तुराबाईंना दवाखान्यात आणलं ते साध्या तापासाठी. ताप दोन दिवसांत उतरलाही. भोसरीतल्या त्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची खाट खिडकीजवळ होती. समोर दिघीच्या लष्करी हद्दीतला उघडाबोडका डोंगर दिसायचा. घरी जायची पिशवी भरून झाली, चपला खाटेखालून काढून झाल्या, आणि तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन ४.१.

"किडन्या नीट काम करत नाहीयेत, आजी," डॉ. मिनल म्हणाल्या. "आज सोडता येणार नाही."

कस्तुराबाईंना हे समजावून सांगायची गरज नव्हती. पिंपरीतल्या एका कंपनीच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात रक्त तपासण्यात घालवली होती. निरोगी माणसाचं क्रिएटिनिन एकच्या आसपास असतं. चारच्या वर गेलेल्या माणसाला अन्नाचा वास सहन होत नाही. त्यांनी तर सुनेनं आणलेली मेथी-भाकरी नुकतीच चाटूनपुसून खाल्ली होती.

"यंत्र चुकलं असेल."

"म्हणून तर परत घेतोय ना."

दुसऱ्या दिवशी ६.३ आलं.

सोनोग्राफी झाली, दोन्ही किडन्या स्वच्छ. ईसीजी चांगला. लघवी रोज मापून दीड लिटर. डॉ. मिनल सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहायच्या. अंगावर सूज असली की तिथे खड्डा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. इथे खड्डा पडतच नव्हता. डॉक्टरीणबाई कागद पुढे-मागे करत राहायच्या. पण असा आकडा हातात घेऊन कोण कुणाला घरी सोडेल? मनगटावर नावाचा पट्टा, दुसऱ्या हातात सलाईनची सुई. खिडकीला जाळी होती आणि ती उघडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ९.४. युरिया २१२.

कस्तुराबाईंनी तो कागद हातात घेतला आणि पुष्कळ वेळ खाली ठेवलाच नाही. हे आकडे त्यांनी आधी पाहिले होते. याच क्रमानं, स्वतःच्या अक्षरात.

बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांचा थोरला भाऊ धोंडीबा राजगुरुनगरकडून येऊन त्याच कंपनीत भट्टीवर लागला होता. कायम व्हायचं तर दरवर्षीचं मेडिकल पास व्हायला हवं, आणि दादाचं रक्त पास होण्यासारखं नव्हतं.

"कस्तुरे, तुझंच भर की त्या नळीत," तो म्हणाला होता. "एका आयची लेकरं आपण. रक्तावर काय नाव लिवलेलं असतंय व्हय?"

तिनं भरलं. एकदा नाही, तीन वर्षं. दादा कायम झाला, पेढे वाटले, भट्टीसमोर उभा राहिला. मग एके दिवशी त्याच्या पायातून बूट निघेनात. तेव्हा कुठे दादाच्या नावाच्या नळीत दादाचं रक्त गेलं. ४.१. ६.३. ९.४, युरिया २१२. चौथ्या दिवशी ११.८. तो आकडा लिहून तिनं पेनाला टोपण लावलं आणि वॉर्डातून दादा गेल्याचा निरोप आला.

उद्या चौथा दिवस होता.

"सकाळी मानेतून नळी घालून डायलिसिस सुरू करू," डॉ. मिनल म्हणाल्या. "बाहेरच्या लॅबमध्ये पडताळून घ्यायचं तर आजच घ्या. ते चांगलं आलं तर मी थांबेन."

सून दिव्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त गोळा करायची. ही विद्या सासूनंच शिकवलेली. दुपारी ती सिरिंज घेऊन आली. कस्तुराबाईंचे दोन्ही हात टोचून टोचून काळेनिळे पडले होते. दोनदा सुई घातली, शीर सापडेना.

"जाऊ द्या, आई. यांचं यंत्रच बिघडलंय. लघवी ठीक, ईसीजी ठीक, भाकऱ्या दोन-दोन खाताय." दिव्यानं पडदा ओढला आणि स्वतःची बाही वर सारली. "सासवा सुनांचं रक्त पितात म्हणे. घ्या, पाच मिली."

कस्तुराबाईंना नको म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. डोळ्यांपुढे ११.८ उभा होता.

तो गिळून त्या खिडकीतून डोंगराकडे बघत राहिल्या.

दिव्यानं स्वतःच सुई घालून नळी भरली. वर नाव लिहिलं, कस्तुरा.

संध्याकाळी रिपोर्ट आला. ०.७. डॉ. मिनलनी पुन्हा कस्तुराबाईंचंच रक्त काढलं, कशीबशी एक शीर सापडली. दवाखान्याच्या त्याच यंत्रावर तेही ०.७.

"आमचंच काहीतरी चुकलं, आजी," त्या म्हणाल्या आणि कात्रीनं मनगटावरचा पट्टा कापला.

दोघी रिक्षातून घरी आल्या. दारात दिव्या पायरीवर टेकली.

"दुपारपासून पाय नुसते भरून आलेत." चप्पल ओढून काढावी लागली. पट्ट्याचा ठसा पायावर खोल उमटला होता.

कस्तुराबाई तिच्यासमोर खाली बसल्या. तिचा पाय त्यांनी मांडीवर घेतला.

"अहो आई, तुम्ही कुठे माझे पाय धरताय? लोक बघतील."

त्यांनी घोट्यावर अंगठा दाबला, मनात दहा आकडे मोजले आणि उचलला.

दिव्या हसत होती. खड्डा भरत नव्हता.