एक वीसची बस

सात समुद्र ओलांडून आम्ही काय पाहिलं? तर कुलूप! संग्रहालयाच्या दाराला हे एवढं थोरलं, पितळी.

“आई, आज इथं सार्वजनिक सुटी आहे, नि उद्या आपलं विमान,” पाटी वाचून सून म्हणाली.

“मग आपण सुटी काढून आलो ती कशाला? यांची सुटी बघायला?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. वळून बघते तर चाळिशीला टेकलेला एक उंच गडी.

“माफ करा काकू. सहा वर्षांनी आपल्या भाषेत भांडण ऐकलं… बरं वाटलं.”

बसच्या कारखान्यात मेकॅनिक होता. म्हणाला, सुटीला इथं दुकानं बंद, बोटी बंद, बसगाड्याही मोजक्याच.

“घरी कोण असतं?” मी तोंडावरच विचारलं.

“एक झाड आहे. कुंडीतलं.”

सून हसली. माझा मुलगा गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ही नुसती ओठांनी हसायची. आज डोळ्यांनी हसली.

मग आम्ही थांब्यावर आलो नि ती तिथलं वेळापत्रक बघू लागली. रोजच्या वेळा काळ्या, सुटीच्या लाल.

“पुढची बस… चारला,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

त्यानं पाटी पाहिली, मग तिला पाहिलं. कान लाल झाले त्याचे. “हो… चारलाच.”

माझी शाळा दुसरीत सुटली. अक्षरं सुटली, आकडे नाही सुटले. लाल रांगेत लख्ख लिहिलं होतं — एक वीस. आठ वर्षांत ही पोर माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

“माझे गुडघे धरलेत,” मी म्हटलं. “मी थांब्यावर बसते. तुम्ही या मागच्या बागेत फिरा.”

वारा सुटला होता. तिची ओढणी फांदीत अडकली. त्यानं ओढणीला हात लावला नाही; नुसती फांदी वाकवून धरली, तिची ती सोडवेपर्यंत. मी डोळे मिटून घेतले. कान कुठं मिटतात?

“तुम्ही काय काम करता?”

“दवाखान्यात एक्स-रे काढते. तुमचं काय मोडलंय?”

“अजून काही नाही… उद्या तुमचं विमान उडालं की सांगतो.”

 तिची पावलं मंदावलेली ऐकू आली.

एक वीसला बस आली. दार उघडलं. एक हाक मारली असती, तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. ही गेली तर घरात माझ्याशी भांडायला कोण उरणार?  ड्रायव्हर बघत होता…

मी हात हलवला. जा बाबा, पुढं हो.

चारला दोघं आली. तो चाचरत म्हणाला, “पुढच्या महिन्यात मला सुटी आहे. तुमच्या गावी… आलो तर चालेल?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. “आई, मी खोटं बोलले. एक वीसला बस होती.”

“ठाऊक आहे. मीच ती पुढं पाठवली.”

दोघांची तोंडं उघडीच!

“पण आई, मी तुमची सून…”

“सून आहेस, ती राहशीलच. बाईला सासर एकच असतं, असं कुठं लिहिलंय? आणि लिहिलं असलं, तरी मला मेलीला अक्षरं कुठं वाचता येतात!”