विझलेल्या लाइनीवरून आलेलं उत्तर

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पेइचुन माझ्या बायकोची मामेबहीण आहे आणि थापा मारणं तिला जमत नाही.

तैवानजवळच्या एका छोट्या बेटावरची ही घटना. चंद्राच्या पंचांगातला सातवा महिना, म्हणजे इथला भुतांचा महिना. आणि वेळ... भर दुपारची.

बेटावरच्या दवाखान्यात पेइचुन संगणकांची जाळी सांभाळते. एक जाळं दवाखान्याच्या आतलं, खोल्याखोल्यांतले संगणक जोडणारं. दुसरं बेटभर पसरलेलं, शाळा आणि बंदरापर्यंत. तिसरं समुद्राखालच्या केबलवरून थेट तैपेईला जाणारं. मोठे डॉक्टर त्या टोकाला.

त्या दुपारी स्ट्रेचरवरून तिच्याच आ-बांना आणलं. तिच्या वडिलांना. तोंड वाकडं झालेलं, अर्धं अंग लुळं.

तरुण डॉक्टर हुआंगनी मेंदूचा फोटो काढला.

"गुठळी वाटतेय. पण रक्तस्राव असला तर गुठळीच्या इंजेक्शननं जीवच जाईल. तैपेईला विचारू."

आणि नेमकी तेव्हाच... केबल गेली.

फोनही गेले. बाहेर वादळ, त्यामुळे हेलिकॉप्टरही येणार नव्हतं.

पेइचुन यंत्रांच्या खोलीत धावली. मागोमाग नर्स श्योउ-लान.

"अगं बये, पिवळा पुडा?" श्योउ-लान ओरडली.

यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे त्यांच्यावर खाऊचा पुडा ठेवतात. पण हिरवाच. हिरवा दिवा म्हणजे काम चालू.

"दुकानात हिरवा संपला होता, ताई!"

"मग उपाशी ठेवायचं होतंस त्याला! थांब, माझ्याकडे आहे."

पेइचुननं हिरवा पुडा ठेवला. हात जोडले. ती रडकुंडीला आली होती.

"कुणीही ऐकत असाल तर... हा फोटो पोहोचवा. माझ्या आ-बांना वाचवा."

श्योउ-लानचा चेहरा पांढराफटक पडला.

"यंत्राचं नाव घ्यायचं ना गं! या महिन्यात कुणी 'कुणीही' म्हणतं का?"

टिंग...

पडद्यावर उत्तर आलं होतं.

"फोटो पाहिला. गुठळी नाही, रक्तस्राव आहे. इंजेक्शन देऊ नका."

पेइचुनच्या जिवात जीव आला. मग तिची नजर तैपेईच्या लाइनीच्या दिव्याकडे गेली.

तो विझलेलाच होता.

आतल्या जाळ्याचा मात्र एक दिवा भराभर लुकलुकत होता. शीतगृहाचा. बोट येईपर्यंत तिथे प्रेतं ठेवतात. तिथे संगणक कधीच नव्हता.

"पेइचुन!" बाहेरून हुआंगची हाक आली. "लाइन येत नसेल तर मी इंजेक्शन देतोय! आता थांबता येणार नाही!"

खरं सांगावं तर डॉक्टर इंजेक्शन देणार. सांगू नये तर आ-बांचा जीव त्या... त्या कुणाच्या तरी हवाली करायचा.

"देऊ नका!" ती किंचाळली. "तैपेईचं उत्तर आलंय!"

आयुष्यात एवढं मोठं खोटं ती कधी बोलली नव्हती.

मग ती शीतगृहात गेली. आत कुणीच नव्हतं. भिंतीतून आलेली तार लोंबकळत होती, टोकाला काहीही जोडलेलं नव्हतं.

टोक ओलं होतं. तिनं बोट लावून चाटलं.

खारट... समुद्राच्या पाण्यासारखं.

वादळ ओसरल्यावर आ-बांना तैपेईला नेलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "रक्तस्रावच होता. इंजेक्शन दिलं असतं तर हे हाती लागले नसते. पण आम्हाला तुमचा फोटो मिळालाच नव्हता."

आता आ-बा घरी आहेत. नूडल्समध्ये मीठ कमी पडलं की आरडाओरडा करतात.

पेइचुननं ती तार कापून टाकली आहे. तरीही दवाखान्यातून तैपेईला निघालेला प्रत्येक फोटो आधी शीतगृहातून उघडला जातो. बहुतेकदा उत्तर येत नाही. दोनदा आलं. दोन्ही वेळा एकच शब्द... "पाठवा." दोन्ही वेळा तो रुग्ण त्याच संध्याकाळी दगावला.

आ-बांच्या मेंदूचा फोटो पुन्हा काढायचा आहे. हुआंग मागे लागलाय आणि ती रोज काहीतरी निमित्त काढते. तो फोटोही आधी शीतगृहातच उघडला जाणार, हे तिला ठाऊक आहे. त्यावर काय उत्तर येईल, या धास्तीनं तिची झोप उडाली आहे.