समुद्र न दिसणारी पाटी

"ही शेवटची पाटी तुम्हीच धरा रे, माझे हात गळालेत," अक्रम म्हणाला आणि खडकाला टेकून बसला.

रास अल खैमाच्या या वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात, जुन्या जागांची नावं अर्थासकट लावायचं काम त्याच्याकडे होतं. सुट्टी म्हणून घरचेही सोबत आले होते. त्याची मुलं तय्यब आणि नबिला, आणि तय्यबचा वसईचा दोस्त लॉयड, सकाळपासून पाट्या धरून पार पेंगुळले होते.

लॉयडने वाचलं, "पहिला समुद्र. डोंगरातून येताना इथे समुद्र दिसतो."

समोर नुसता कातळ होता.

"अंकल, व्हेअर इज द सी?"

"असेल पूर्वी. यल्ला, खलास. तंबूकडे चला."

ही पाच नावं उम्म सालिम नावाच्या म्हाताऱ्या शेळीवालीने गाऊन सांगितली होती. तिचं घर वादीच्या तोंडाशी. तिथेच बसून अक्रमने गाणं रेकॉर्ड केलं आणि तिथूनच आत गाण्याच्या क्रमाने पाट्या लावल्या. तंबू दुसऱ्या पाटीशी होता, कारण तिच्यावर लिहिलं होतं: 'शेळ्यांची रात्र, निर्धास्त झोपायची जागा'. तंबूत मुलांची अम्मी अजरा लहानग्या हम्मादला घेऊन आडवी झाली होती.

परतताना चौथी पाटी लागली, 'पाण्याची उडी'. ती होती उंच, कोरड्या सपाटीवर. बाजूला दगडी कुंपण.

"इथे पाणी कसलं उडी मारतंय?" नबिला म्हणाली. "लेंड्याच लेंड्या आहेत."

लॉयड पाय ओढत चालला होता. गुड फ्रायडेला त्यांच्याकडे क्रुसाची वाट गातात, तो सांगू लागला. एकेका स्थानकाशी थांबायचं, एकेक कडवं म्हणायचं. "शेवटच्या स्थानकापासून निघालो, तर गाणं एकीकडे आणि आपण दुसरीकडे."

तय्यब थबकला. "अब्बा, गाण्यात उम्म सालिम कुठून कुठे चालते?"

"चालते कुठे? बसली होती ती."

"गाण्यात, अब्बा. शेळ्या डोंगरातून खाली आणते ना ती? म्हणून समुद्र शेवटी. आपण पाट्या उलट्या लावल्या."

अक्रमने डोळे मिटले. उद्या उद्घाटन, साहेब येणार, अंगात त्राण नाही. सकाळी बघू, असं तो पुटपुटला. डोंगरामागे आभाळ काळं झालं होतं.

"म्हणजे दुसरी आणि चौथी अदलाबदल. शेळ्यांची रात्र ही इथे," तय्यब हळूच म्हणाला. "हम्माद पाण्याच्या उडीत झोपलाय."

अक्रम धावत सुटला. मुलंही मागोमाग.

हम्मादला कडेवर घेऊन, अजराचा हात धरून सगळे धापा टाकत दगडी कुंपणाशी पोचले. तंबू तसाच राहिला. थोड्या वेळाने वर डोंगरात घरघर झाली आणि दगडधोंडे लोळवत गढूळ लोंढा आला. खाली तंबूही गेला, दुसरी पाटीही गेली. अजरा हम्मादला छातीशी धरून नुसती "या अल्लाह" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन करून अक्रमने चूक आपली असल्याचं सांगितलं. उद्घाटन पुढे गेलं. पाणी ओसरल्यावर उम्म सालिम काठी टेकत आली. यावेळी अक्रमने तिला बसवलं नाही. ती वरून खाली गात निघाली आणि मुलं मागून पाट्या घेऊन. तंबू वाहून गेला तिथे ती थांबली. मुलांच्या डोक्यांवर हात ठेवून तिने आणखी एक ओळ गायली.

"हे नाव नव्हतं आधी," नबिला म्हणाली.

अक्रम म्हणाला, "आता आहे. ती म्हणते, या जागेचं नाव 'मुलांनी उठवलं'."

आणि कोरी पाटी त्याने स्वतः धरली.