जास्वंदीच्या पट्टीवरचं बोट

नथ चोरीला गेली म्हणून उमेळ्याच्या अनिशने बोलावलं होतं. पण जुलियाना ओसरीवर पोचली ती थेट त्याच्या लेकीजवळ, रेवाजवळ, जाऊन बसली. फ्लॉईड मनातल्या मनात चडफडला. थोरली बहीण वसईतली नावाजलेली खासगी गुप्तहेर खरी, पण पोरांच्या खेळात रमायची तिची खोड काही जात नव्हती.

"ह्या पट्ट्या कसल्या गं?"

"जास्वंदीच्या. गरम पाण्यात फुलांचा रंग उतरवला आणि त्यात कागद बुडवले. काल सकाळी कपाटातल्या नथीच्या डबीवर वाळत घातले. सगळे जांभळे झाले, पण एकावर कुणाचं तरी बोट उमटलंय. हिरवं!"

"हिरवं म्हणजे पाला," फ्लॉईड कुजबुजला. "वाडीतला गडीच."

अनिशचंही तेच मत होतं. "आईची आठवण होती ती. उद्या सोनाराकडे मोडून इशिताला साखळी करायची होती. काशीराम तीस वर्षं आमच्याकडे राबला, म्हणून पोलिसांत जात नाही. पण उद्यापासून त्याने वाडीत पाऊल टाकायचं नाही."

पायरीवर बसलेल्या काशीरामचा चेहरा उतरला होता. "बाय, मी काल दिवसभर चिंचा फोडत होतो. तशाच हातांनी कळ्यांची टोपली आत ठेवली, पानी प्यालो नि गेलो."

अनिशची बायको इशिता लोणच्याची लिंबं चिरत होती. "कालपासून हेच चाललंय. कपाटाकडे जायला सवड कुठे?"

अनिशचे वडील, नरहरी आबा, झोपाळ्यावर पानाचा डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. त्यांनी विडा लावला आणि चुन्याचं बोट शेजारच्या खांबाला पुसलं. खांबावर तसल्या बोटांची दाटी झाली होती.

"मलाही एक विडा द्या ना, आबा," जुलियाना म्हणाली.

"पानं संपली," म्हणत त्यांनी डबा मिटला.

रेवा चकित झाली. "आबा तर पोस्टमनलाही विडा देतात!"

जुलियानाने तीन कोऱ्या पट्ट्या मागून घेतल्या. एकीवर लिंबू पिळलं, दुसरीवर चिंच चोळली. दोन्ही लालभडक झाल्या. मग तिने खांबावरचा ओला चुना तिसरीला लावला. पट्टी हिरवी झाली.

"आंबट हात लाल उमटतो, फ्लॉईड. काशीराम आणि इशिता सुटले."

"साबणानेही हिरवं होत असेल की!"

"होतं. म्हणूनच मी विडा मागितला. पोस्टमनला पान देणारा माणूस दारी आलेल्या बाईला नाही म्हणतो, तो डब्यात पानांखाली दुसरं काही असल्याशिवाय नाही. आणि ते नेलं उद्याच्या मोडीच्या भीतीने. हो ना, आबा?"

आबांनी डबा उघडला. पानांखाली नथ होती.

"तुझ्या आईच्या, सावित्रीच्या नाकात बघितलेली नथ मला वितळायला द्यायची नव्हती रे," ते अनिशला म्हणाले. "पोरांसमोर बोलायची लाज वाटली. पण काशीरामवर आळ आला तेव्हा गप्प बसलो, त्याची जास्त लाज वाटते."

अनिशने मान खाली घातली. इशिता हात पुसत पुढे आली. "आबा, साखळी नको. नथ आहे तशीच राहू दे."

आबांनी एक विडा लावला आणि पायरी उतरून काशीरामपुढे धरला. काशीरामने तो तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चुना जास्त झाला, मालक," तो म्हणाला.