वाडग्यातलं पिवळं गवत

"पेटवून देऊ," अनुप म्हणाला. "एक काडी टाकली का झालं."

"अन् बाजूच्या कुटाराच्या ढिगाले काय सांगतं? तू नको पेटू म्हनून?" आशामामीने तव्यावरची भाकर उलटली.

पिंटू खो खो हसला. अनुपने त्याला कोपराने ढोसलं.

आचल दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याहून मामाच्या गावी आली होती. वलगावच्या पुढे, काळ्या मातीतलं लहानसं गाव. अनुप तिच्याहून थोडा मोठा, पिंटू बराच लहान. दोघं नितेशमामाची मुलं. ती आल्यापासून घरात एकच विषय चालू होता : घरामागच्या वाडग्यातलं गवत कापायचं कसं?

पूर्वी त्या वाडग्यात बैल बांधत. बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि तिकडे कोणी फिरकेनासं झालं. खाचखळगे, दगडगोटे, वारुळं, आणि आचलच्या छातीला लागेल एवढं गवत. उद्या गायगोधन, म्हणजे गावच्या गाई सजवून, ओवाळून एका जागी आणायचा दिवस. "औंदा गाई आपल्या वाडग्यात येतील," असा शब्द आबाजींनी, म्हणजे नत्थुजी आजोबांनी, गावाला देऊन टाकला होता. गाई येणार म्हणजे त्यांच्यामागे गावातली सगळी पोरंही येणार.

"तणनाशक मारून टाकतो," नितेशमामा म्हणाला.

"त्यानं गवत वाळाले आठ दिस लागतात," आबाजी म्हणाले, "अन् उद्या गाई त्यालेच तोंड लावतील. सनाच्या दिशी इख चारतं का?"

"मंग ट्रॅक्टर घालतो. रोटाव्हेटर लावला का घंटाभरात सपाट."

"मामा, बकऱ्या सोडल्या तर?" आचलने विचारलं. "शेजारच्या चतुराबाईंच्या आहेत ना. त्या खातील तेवढं खातील, उरलेलं आम्ही विळ्याने कापू."

"अकोल्याची पोट्टी इळा धरते म्हनते," मामा हसला. "आशा, हिचे बोटं मोजून ठेव व."

"करू दे पोट्ट्यायले," आबाजी म्हणाले. "दिवस कलेलोक, सांज होईलोक, नाही झालं, त मंग तुहा ट्रॅक्टर."

ठरलं. चतुराबाईंनी बकऱ्यांबरोबर आपला कुत्रा मोती पण पाठवला. वाडग्याचं फाटक उघडताच बकऱ्या आत घुसल्या आणि करकर करकर चरू लागल्या. तिन्ही पोरं कुंपणाच्या कडेने विळे घेऊन बसली. आचलच्या तळहाताला लगेच फोड आला. तिने तो कोणाला दाखवला नाही. ऊन चढेपर्यंत वाडग्याचा वरचा भाग मोकळा दिसायला लागला. आता उताराने खाली जायचं होतं.

"ताई," पिंटू म्हणाला, "बकऱ्या तिथं काहून नाही जाऊन राहिल्या?"

आचल उभी राहिली. उतार संपतो तिथे, हिरव्यागार गवताच्या मधोमध, एक गोल तुकडा पिवळा पडला होता. बैलगाडी मावेल एवढा. आजूबाजूला अजून ओल होती, आणि तिथलं गवत मात्र उभ्या उभ्या मेलेलं. बकऱ्या त्या गोलाच्या कडेपर्यंत खात येत आणि वळत. कोणीतरी न दिसणारं कुंपण घालून ठेवावं तसं. मोती कडेला उभा राहिला, नाक खाली घातलं, आणि शेपूट पायांत घालून मागे सरकला.

"साप असन," अनुप म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

तेवढ्यात एका बकरीने ढुशी दिली आणि एक करडू धडपडत त्या पिवळ्या गवतात गेलं. दुसऱ्याच पावलाला त्याचा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. करडू ओरडलं. आचल कडेला पालथी पडली, हात लांब करून तिने त्याचा मागचा पाय धरला आणि ओढून काढलं. पाय निघाला तिथे मुठीएवढं भोक पडलं. त्या भोकातून गार हवा तिच्या तोंडावर आली. त्या हवेला आंबूस वास होता, भिजून सडलेल्या ज्वारीचा.

करडाच्या खुराला एक काळी, कुजलेली काडी चिकटली होती. अनुपने ती बोटांत धरून मोडली. ती भुगा झाली.

"पऱ्हाटी हाय," तो म्हणाला. "कापूस वेचून झाला का उरते ते झाड. पन हे जमिनीच्या आत कशी?"

पिंटूने एक दगड उचलून पिवळ्या गवतात फेकला. वाडग्यात कुठेही दगड पडला की टक्क वाजत होतं. इथे आवाज आला धब्ब, रिकाम्या माठावर थाप मारावी तसा. मग कोणीच दगड फेकला नाही.

आबाजी गाईंसाठी गोंडे आणि घागरमाळा आणायला बाजाराला निघाले होते. आचलने त्यांना दारातच गाठलं आणि त्या पिवळ्या गवताखाली काय आहे ते विचारलं.

"तिथं पेव होतं व," आबाजी म्हणाले. "ज्वारी ठेवाची जागा. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान अन् पोट मोठं. एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राह्यला तरी डोकं वर निंघत नव्हतं. तोंड बंद केलं का ज्वारी सालोसाल राहे."

"मग उतरायचे कसे?"

"उघडलं का लगेच कोनी उतरत नव्हतं, बाई. आंधी आत दिवा सोडाचा. आत खराब हवा सासते. दिवा इझला त मानूस बी इझते." मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आता काई भेव नाही. तुह्या मायच्या लग्नाच्या साली तोंड फोडून मोठं केलं अन् दोन ट्राल्या मुरूम आनून बुजवलं ते. नितेशनंच बुजवलं."

आबाजी गेले. आचलला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे अजून ती सडकी काडी होती. मुरूम टाकला, मग पऱ्हाटी कुठून आली?

"ताई, हे पाह्य," अंगणाच्या कोपऱ्यातून पिंटू म्हणाला. बकऱ्यांचा कंटाळा येऊन तो किल्ल्यासाठी माती खणत होता. "वर काळी माती अन् खालती लाल. किल्ल्याले मस्त रंग हाय."

आचल वाकली. वीतभर काळ्या मातीखाली लालबुंद, खड्याखड्यांचा थर होता. तिने दुसरीकडे खणून पाहिलं. तिथेही तोच. दारापासून फाटकापर्यंत, सगळ्या अंगणात.

"मामी, हा मुरूम इथं कधी टाकला?"

आशामामी पणत्यांत वाती घालत होती. "तुह्या आईच्या लग्नात. मी नवीन नवरी होती तवा. आदल्या दिशी असं पानी पडलं, अंगनात नुसता गारा-चिखल. मांडववाल्यायले कुठं तरी दोन ढीग दिसले मुरमाचे, त्यायनं देले पसरवून."

आचल आणि अनुपने एकमेकांकडे पाहिलं. पेवाचा मुरूम त्यांच्या पायाखाली होता. मग पेवावर काय होतं?

"पऱ्हाटी," अनुप हळूच म्हणाला. "वरून पऱ्हाटी अन् माती. ढोरं पडू नये म्हनून घातली असन, मुरूम येईलोक."

त्याच वेळी रस्त्यावरून ट्रॅक्टरचा आवाज आला.

"दिवस कलायला तर अजून वेळ आहे," आचल म्हणाली आणि धावत सुटली. अनुप तिच्या मागे. जाता जाता तिने पिंटूच्या कानात काही सांगितलं. पिंटू गोठ्याकडे पळाला.

मामा ट्रॅक्टर वळवून फाटकाशी येत होता. मागे रोटाव्हेटरची पाती चमकत होती.

"बकऱ्या काढा बाहेर," तो वरूनच म्हणाला. "सांजी लक्ष्मीपूजन हाय, त्याच्या आंधी उरकतो. खालतून सुरुवात करतो, तिथं गवत लय हाय."

"मामा, खाली नका जाऊ. पेव बुजवलेलंच नाही. मुरूम सगळा अंगणात आहे."

"मीच बुजवलं ते."

"तुम्ही पाहिलं होतं, मुरूम आत पडताना?"

मामाचं तोंड जरासं उतरलं. पण जरासंच. "ट्रालीवाल्याले सांगतलं होतं मागं खाली कर म्हनून. लग्नघरात मले काय तेवढंच काम होतं? वरून माती दिसत होती, म्हनलं झालं असन. सरक बाजूले, आचल. भुताच्या गोष्टी मंग सांग."

त्याने क्लच दाबला. आणि तसाच थांबला.

फाटकात कपिला गाय उभी होती. सकाळीच न्हाऊ घातलेली, शिंगं रंगवलेली, कपाळाला हळद. शेजारी तिचं वासरू. पिंटूने तिच्यापुढे सकाळी कापलेल्या गवताचा भारा सोडला होता आणि ती सावकाश खात होती.

"हाकल तिले," मामा म्हणाला.

"सनाची गाय हाय, बाबा," पिंटू साळसूदपणे म्हणाला. "तुमीच हाकला."

या दिवसांत गाईवर हात उगारायचा नाही, तिला जेवणावरून उठवायचं नाही, हे मामानेच पोरांना शिकवलं होतं. तो कपाळाला हात लावून बसला. त्याने ट्रॅक्टर बंद केला.

तेवढाच वेळ हवा होता. वाडग्याच्या वरच्या कुंपणाला मामाच्याच ट्रॅक्टरचं जुनं मोठं टायर टेकवून ठेवलेलं होतं. आचल आणि अनुपने ते उभं केलं. जीव खाऊन ढकललं.

"सोडलं का खाली जायचं नाही," आचल म्हणाली. "इथंच उभं राहायचं."

टायर उताराने निघालं. आधी सावकाश, मग दगडांवरून उड्या मारत. बकऱ्या दोन्ही बाजूंना पांगल्या. पिवळ्या गवतात जाऊन ते डुललं आणि आडवं पडलं.

काहीच झालं नाही.

"झालं समाधान?" मामा फाटकातून ओरडला.

मग कापड फाटावं तसा आवाज आला. पिवळं गवत मधोमध खचलं, जुन्या खाटेसारखं झोळ धरून खाली गेलं, आणि त्याच्यासोबत टायरही. थोडी धूळ उडाली. मग खोलवरून एक जड आवाज वर आला. जिथे गवत होतं तिथे काळं तोंड उघडं पडलं होतं. कपिलेनेही खाणं थांबवलं होतं.

मामा ट्रॅक्टरवरून उतरला. काळ्या तोंडापाशी येऊन त्याने वाकून पाहिलं. मग, घाबरलेली मोठी माणसं करतात तसं, तो उगाच शूर झाला.

"दोर आना. उतरतो अन् टायर काढतो. महाग येते ते."

त्याने दोर कमरेला बांधायलाही घेतला.

"आंधी दिवा," आचल म्हणाली.

"काय?"

"आबाजी म्हणाले, आधी दिवा सोडायचा."

अनुप घरातून पेटती पणती आणि बादली घेऊन आला. दोराच्या दुसऱ्या टोकाला बादली बांधून त्यांनी ती हळूहळू खाली सोडली. अंधारात ज्योत लहान दिसू लागली. मामाच्या उंचीएवढी खाली गेली असेल, तोच ती निळसर झाली, आकसली आणि विझली.

"वारा लागला," मामा म्हणाला.

बादली वर काढून पणती पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. ज्योत पुन्हा तिथेच विझली. जणू त्या जागी कोणी फुंकर मारायला टपून बसलं होतं.

मागून एक म्हातारा हात पुढे आला आणि मामाच्या कमरेचा दोर सोडू लागला. आबाजी बाजारातून परतले होते. त्यांच्या खांद्यावर गाईंचे लाल-पिवळे गोंडे लटकत होते. गाठ त्यांच्या बोटांना नीट सुटत नव्हती.

"तुह्यावर सोपवून मी बी पाह्यलं नाही, नितेश," ते म्हणाले. "उद्या अख्खं गाव इथं उभं राह्यलं असतं."

त्या संध्याकाळी पेवाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण झालं. गाई दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पाराशी जमल्या. आबाजींना गावाला दिलेला शब्द मोडावा लागला, आणि का मोडला तेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग पहिला गोंडा त्यांनी कपिलेच्या गळ्यात बांधला आणि ओवाळायचं ताट आचलच्या हातात दिलं. "माह्या घरात डोळे उघडे ठेवून चालनारे हेच तीन हायेत," ते म्हणाले. चतुराबाईंनी तिघांची अलाबला काढली. मामा मान खाली घालून उभा होता. मग त्यानेच आचलला उचलून पारावर बसवलं.

भाऊबीज झाल्यावर मुरूम आला. ट्रॉल्या रिकाम्या होईपर्यंत मामा उन्हात तिथेच उभा राहिला, आणि त्याच्या शेजारी तिघं पोरं. टायर कोणी काढलं नाही. ते खालीच राहिलं.

"आता गवताचं काय कराचं?" आबाजींनी विचारलं. त्यांनी मामाकडे नाही, आचलकडे पाहिलं.

"बकऱ्या," आचल म्हणाली. "आणि विळा."

"ट्रॅक्टर नाही?" मामाने हळूच विचारलं.

"नाही," तिघं एकदम म्हणाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आचल परत आली तेव्हा वाडगं साफ होतं. पेवाची जागा ओळखूही येत नव्हती. बकऱ्या सगळीकडे चरत होत्या, फक्त एका जागी येऊन वळसा घेत होत्या.

"आता तर पक्कं बुजलं आहे ना?" तिने पिंटूला विचारलं.

"पक्कं बुजलं. आमी पाह्यलं ना डोळ्यानं."

मग दोघंही फाटकाकडे निघाले. सरळ वाट त्या जागेवरून जात होती. दोघांनीही, एकमेकांना काही न सांगता, वळसा घेतला.