चिकूच्या पेटीत गेलेला दाखला

"बाबा, माझा दाखला कुठे आहे?"

जयवंतीचा तो आवाज ऐकून तिच्या धाकट्या भावाचा, सहा वर्षांच्या मुकेशचा घास हातातच राहिला. पत्र्याची ट्रंक उपडी पडली होती. मेलेल्या आईचं लुगडं, मुकेशचं टोपडं, रेशनकार्ड... सगळं होतं, फक्त शाळा सोडल्याचा तो पिवळा कागद तेवढा नव्हता! आणि बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला उरले होते अवघे तीन दिवस!

तिच्या बापाने, जिव्याने मान खाली घातली. "परवा वाडीवर पेट्यांना कागद कमी पडले गो... ट्रंकेतले जुने होते, ते नेले मी."

घोलवडच्या वाडीत चिकूच्या पेट्या भरण्यात जिव्याचं आयुष्य गेलं होतं. तळाला पेंढा, त्यावर कागद, वर चिकू. कागदावर काय लिहिलंय, ते त्याला कधी वाचताच आलं नव्हतं. लेकीचं भाग्य त्याने आपल्याच हातांनी चिकूखाली अंथरलं आणि दिल्लीच्या गाडीत चढवलं!

"मुद्दाम केलंस तू!" जयवंतीचा बांध फुटला. "आई गेली तेव्हा नववीतून काढलंस मला. मुकेश सात महिन्यांचा, त्याला कोण बघणार म्हणालास. मी हूं की चूं केलं नाही! सहा वर्षं त्याची आई झाले... आता एक गोष्ट, एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली, तर तीसुद्धा..."

ताट तसंच सारून जिव्या उठला.

पुढचे दोन दिवस तो उजाडताच निघून जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. वाडीवर चिकू निवडता निवडता शेजारची सोनीबाई म्हणालीच, "तुझा बाप कामाला येत नाही गो! तोंड लपवून बसला असेल कुठे. आणि तू तरी, एकोणीस वर्षांची घोडी, पास होऊन काय चिकूंना गणित शिकवणार?"

बाया खो खो हसल्या. जयवंतीही हसली... पण नुसत्या ओठांनी!

तिसऱ्या दिवशी दुपारी जिव्या धापा टाकत दारात उभा राहिला. हातातली पिशवी त्याने लेकीपुढे धरली.

"दाखला. दुसरा. हेडमास्तर म्हणाले, आधी डहाणूला जाऊन पहिला कसा हरवला ते स्टॅम्प पेपरवर लिहून आण. दोन दिवस रांगेत गेले. त्याची झेरॉक्स पण आहे, ती वाच. मी सांगितलं तेच लिहिलंय का, मला काय कळणार?"

जयवंती ती झेरॉक्स वाचू लागली.

"'...माझी मुलगी जयवंती हिचा दाखला माझ्या हातून चिकूच्या पेटीत गेला. तिची आई वारल्यावर तिला शाळेतून मी काढले. ती... ती रडली होती. मी ऐकले नाही. यात तिचा काही दोष नाही.'"

खाली बापाचा अंगठा होता. अक्षरं डोळ्यांपुढे विरघळू लागली...

"बाबा... एवढं कुठे लागतं रे यात?"

"लिहिणारा पण तेच म्हणाला! मी म्हटलं, खरं सांगायची शपथ घालतोस ना मला? मग अर्धंच कसं सांगू?"

जयवंती बापाच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. त्या खांद्याला चिकूच्या चिकाचा ओळखीचा वास होता, आणि आज तो खांदाही थरथरत होता!

"पुरे गो बाय! आज शेवटचा दिवस. शाळा पाचला बंद होईल."

तिने डोळे पुसले, फॉर्म घेतला आणि सवयीने मुकेशचा हात धरला. सहा वर्षांत त्याच्याशिवाय ती कुठे गेलीच नव्हती!

जिव्याने हळूच तो चिमुकला हात तिच्या हातातून सोडवून घेतला.

"तू जा," तो म्हणाला. "मुकेशला मी बघतो."